जवळची शेड

१२ जानेवारी

चि. चिंधीस,

तुझं कार्ड काल आलं. पत्ता तुझ्या आईच्या नावाने, मजकूर तुझ्या आईसाठी, आणि तळाला कोपऱ्यात "बाबांना सांग" एवढंच. काय सांग, ते लिहायला जागा उरली नसावी. असो. मला सांगितलं गेलं आणि मी ऐकलं.

शिवणाच्या कारखान्यात काम मिळालं, वर राहायला खोलीही मिळाली, फार बरं झालं. तुझी मैत्रीण शब्दाला जागली. हाताचं प्लास्टर काढायला जाशील तेव्हा तिथल्या डॉक्टरांना खरं काय ते सांग. जिन्यावरून पडले म्हणून इथे सांगत राहिलीस ते पुरे झालं. तिथे दोरेवाल्यांना कुणी ओळखत नाही आणि त्यांच्या मुलालाही नाही.

इकडची काळजी करू नकोस. तुला बसमध्ये बसवून परत आलो त्या सकाळी मला वाटलं होतं, गल्लीत शिरल्याबरोबर माझी बिनपाण्याने होणार. दोरेवाल्यांची सून नवऱ्याचं घर सोडून गेली, आणि तिची पेटी उचलून नेणारा तिचा बाप याच गल्लीत अस्तराचं दुकान चालवतो, ही काय लहान गोष्ट आहे? पण कुणी चकार शब्द काढला नाही. तुझे सासरे गल्लीच्या तोंडाशी, त्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभे होते. म्हणाले, "काय व्याही, गुडघा कसा आहे?" मी म्हणालो, बरा आहे. म्हणाले, "थंडीत जपा." संपलं संभाषण. तुझी आई म्हणते, यात काहीतरी आहे. तिला दूध उतू गेलं तरी त्यात काहीतरी दिसतं.

दुकान ठीक. जरा मंदी आहे, पण जानेवारी कधी बरा गेलाय? काल एक बाई करड्या कोटाची चिंधी घेऊन आल्या. अस्तर आपल्याकडे होतं, त्यांना जोडीला चेनही हवी होती. चेनवाल्याकडे गेलो तर नेमकी त्याच शेडची संपलेली. मग बाईंनी अस्तरही घेतलं नाही, म्हणाल्या सगळं एका ठिकाणी घेईन. होतं असं कधीकधी.

तुझा जांभळा स्वेटर राहिला होता. आई पाठवते आहे. हात न मोडता अंगात घाल.

बाबा


३० जानेवारी

चि. चिंधीस,

या वेळी कार्ड माझ्या नावाने आलं. तुझ्या आईने ते आधी वाचलं, मग मला दिलं, पण पत्त्यावर नाव माझं होतं हे मी तिला दोनदा दाखवलं.

तुझ्या मालकीणबाईंना नवल वाटतं म्हणतेस, की एकाच गल्लीत इतकी दुकानं, सगळी शिलाईच्या सामानाची, तर एकमेकांचं गिऱ्हाईक ओढताना डोकी कशी फुटत नाहीत. त्यांना नीट समजावून सांग, त्यांना काही उपयोग झाला तर होऊ दे. आमच्यात कुणाकडेच सगळं नसतं. बटणवाल्याकडे बटणं, चेनवाल्याकडे चेनी, लेसवाल्याकडे लेस. अस्तराची दुकानं तीन, पण गडद शेड माझ्याकडे, फिक्या दुसऱ्याकडे, आणि मधल्या सगळ्या कोपऱ्यावरच्याकडे. गिऱ्हाईक हातात कापडाची चिंधी घेऊन कुठल्याही दुकानात शिरलं की त्याला बाकावर बसवायचं, "बसा, आणून देतो" म्हणायचं, आणि ती चिंधी घेऊन आपण गल्लीभर फिरायचं. गिऱ्हाईकाला वाटतं, काय दुकान आहे, इथे सगळं मिळतं! त्याला कुठे माहीत, सगळी गल्ली मिळून एकच दुकान आहे म्हणून.

चिठ्ठी नाही, सही नाही. दुकानाचं नाव सांगितलं की शेजारचा माप फाडून देतो, आणि शनिवारी संध्याकाळी सगळे पायरीवर बसून तोंडीच मिटवतात. मालकीणबाई विचारतील, कुणी नाही म्हणाला तर? त्यांना म्हणावं, नाही म्हणून जाईल कुठे? त्याची बहीण चेनवाल्याकडे दिलेली, भाची लेसवाल्याची सून, आणि गिरणीकडून माल येतो तो दोरेवाल्यांच्या शब्दावर. आमची लग्नं आणि आमचा धंदा वेगळा काढायला गेलं तर दोन्ही फाटतील. तुला दोरेवाल्यांकडे दिली तेव्हा अख्खी गल्ली जेवली होती. कोपऱ्यावरच्याने मला मिठी मारून म्हटलं होतं, "आता तू पक्का."

लहानपणी तू गिऱ्हाईकाच्या हातातली चिंधी हिसकावून पळत सुटायचीस आणि कुणी सांगायच्या आत बरोबर दुकानात शिरायचीस. म्हणून तर हे नाव. शेड ओळखण्यात तू माझ्या वरताण होतीस.

हल्ली मात्र "संपलं" हा शब्द जरा जास्तच कानावर येतो. मला वाटतं गिरणीकडून माल कमी येत असावा. शेजारचा बटणवाला काका म्हणतो, तसंच असेल. हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता, पण त्याचा डोळा दुखतोय बरेच दिवस.

बाबा


२१ फेब्रुवारी

चि. चिंधीस,

तुझ्या आईने तुला काय लिहिलंय ते मला माहीत आहे. पाकीट चिकटवताना तिने हात आडवा धरला, तेव्हाच कळलं. तेव्हा आता मीच लिहितो, निदान तिखटमीठ न लावता.

गिरणीचा माल कमी येत नाही. भरपूर येतो. बाकी सगळ्यांकडे येतो.

परवा मी गल्लीतल्या व्यापारी संघाच्या कचेरीत गेलो. सचिव म्हणजे आपला लेसवालाच, पण त्या खुर्चीत बसला की तो ओळख दाखवत नाही. मी म्हणालो, मला गल्लीत माल मिळत नाही. तो म्हणाला, "कोणी नाही म्हणालं?" मी म्हणालो, नाही कुणीच म्हणत नाही, संपलं म्हणतात. तो म्हणाला, "मग संपलं असेल." मी म्हणालो, सगळ्यांचं सगळं, मी गेल्यावरच संपतं? त्यावर त्याने नियमांचं पुस्तक काढलं, शांतपणे चाळलं आणि म्हणाला, "शेजाऱ्याला माल दिलाच पाहिजे असा नियम नाही हो. कधी नव्हताच. आपण आपले प्रेमाने देतो." मला इतका राग आला की त्याचा पेपरवेट खिशात घालून आलो. उद्या परत नेऊन देईन. कोर्टात जाऊन तरी काय सांगू? साहेब, शेजारी संपलं म्हणाला?

मग गेलो तुझ्या सासऱ्यांकडे. तुला आवडणार नाही, पण गेलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, गुडघ्याची चौकशी केली. मी स्पष्टच विचारलं, "व्याही, तुम्ही गल्लीला काही सांगितलंत का?"

ते म्हणाले, "मी? देवाशपथ, एका अक्षराने नाही. कुणालाही विचारा."

आणि चिंधे, ते खरं बोलत होते. त्यांना काही सांगावंच लागलं नाही. ज्याला त्याला गिरणीचा माल हवा आहे, ज्याच्या त्याच्या घरात लग्नाची मुलं आहेत. जो तो आपापल्या अकलेने वागतो आणि सगळ्यांची अक्कल एकाच बाजूला जाते.

निघताना ते पायरीपर्यंत आले. म्हणाले, "सून घरी आली की घर भरलेलं वाटतं. गल्लीचंही तसंच असतं हो. एक जागा रिकामी असली की सगळ्यांना चुकल्यासारखं होतं." मी म्हणालो, "तिचा हात मोडलाय." ते म्हणाले, "जिन्यावरून पडली ना, वाईट झालं." तुझा नवरा आत गल्ल्यावर बसला होता. उठून त्याने मला वाकून नमस्कार केला. एवढा मुलायम मुलगा मी पाहिलेला नाही.

मी तुला ये म्हणत नाही. नीट वाच. मी ये म्हणत नाही. बटणवाला काका मागच्या खिडकीतून बटणं देतो अजून, त्याच्यावर भागतं आहे. मंदी कायमची नसते.

बाबा


१५ मार्च

चि. चिंधीस,

तुझं कार्ड आणि सोबतची शेवाळी चिंधी मिळाली. एवढ्या मोठ्या गिऱ्हाईकाचे कोट, आणि त्या शेडचं अस्तर तुमच्या शहरात कुठे मिळेना, आणि तू मालकीणबाईंना छातीठोकपणे सांगितलंस, "माझ्या बाबांच्या गल्लीत न मिळणारी शेड नाही." वाचून मला किती बरं वाटलं काय सांगू! कार्ड खिशात घेऊन फिरतो आहे. तुझ्या आईने धुवायच्या आधी खिसे तपासले म्हणून वाचलं.

अस्तर मिळालं. सोबत पाठवतो आहे. हुबेहूब. उजेडात बघ, दुपारच्या उन्हात, ट्यूबखाली बघू नकोस, ट्यूबखाली सगळंच वेगळं दिसतं. कापड दाट आहे, धुऊन आकसणार नाही. मालकीणबाईंना माझा नमस्कार सांग.

इकडे सगळं छान.

बाबा


८ एप्रिल

चि. चिंधीस,

बरेच दिवस वाट पाहायला लावलीस आणि मग कार्डावर दोन ओळी. "बाबा, शेड जवळची आहे, जुळणारी नाही. गल्लीने तुम्हाला देणं केव्हा बंद केलं?"

हे मालकीणबाईंच्या लक्षात आलं नसतं. तुमच्या गिऱ्हाईकाच्याही नाही. तुझ्या लक्षात येणार, हे मला तागा फाडताना कळायला हवं होतं. आपल्या गल्लीतून जवळची शेड कधी बाहेर जात नाही, हे मीच तुला बाकावर बसवून शिकवलं. नाही तर नाही म्हणावं, जवळची देऊ नये. मी साठी ओलांडलेला अस्तरवाला, माझ्या हातून हे कसं झालं? तुझ्यापुढे नाही म्हणायची लाज वाटली, दुसरं काय.

खरं सांगतो. ती चिंधी घेऊन मी कोपऱ्यावरच्याकडे गेलो. मधल्या शेडी त्याच्याकडे. त्याच्या डोक्यामागे फळीवर शेवाळी तागा होता, कोरा, एक मीटरही फाडलेला नाही. मी चिंधी पुढे केली. त्याने ती हातात घेतली, खिडकीपाशी नेऊन पाहिली, अगदी रीतसर पाहिली. आणि तागा पाठीमागे दिसत असताना मला म्हणाला, "संपलं." मी म्हणालो, "अरे, मुलीसाठी हवंय, दुकानासाठी नाही." त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यावरही म्हणाला, "संपलं रे." माझ्याकडे गडद हिरवं होतं, त्यातलं पुसट पडलेलं टोक फाडलं आणि तुला पाठवलं.

बटणवाल्याची खिडकीही बंद झाली आहे. त्याच्या मुलीचं चेनवाल्याच्या मुलाशी ठरतंय. तो स्वतः सांगायला आला, मागच्या दाराने. "तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?" मी त्याला बसायला सांगितलं. तो बराच वेळ बसला, आम्ही लहानपणीच्या गोष्टी काढल्या, तो हसला सुद्धा, मग गेला. आता दुकानात येतो तो ज्याला फक्त गडद अस्तर हवं आणि दुसरं काहीच नको, असा माणूस. असा माणूस तू कधी पाहिलायस का?

आता मुद्द्याचं. तुझ्या कार्डावरच्या दोन ओळींच्या खाली काय लिहायचं तू गाळलंस, ते मला दिसलं. तू तुझ्या आईवर गेली आहेस, न लिहिलेलंच जास्त ठसठशीत असतं. तू येण्याचा विचार करते आहेस. करू नकोस. तुझी आणि माझी शपथ, आणि तुझ्या आईची दोनदा.

आम्ही दोघांनी ठरवलं आहे. दुकान बंद करायचं. तागे कोपऱ्यावरचा घेईल, घेताना त्याला रडू येईल पण घेईल. मग कुणापाशी काही मागायचं उरणार नाही आणि तू परत यावंस असं कुणाला म्हणायला कारणही उरणार नाही. तुझी आई म्हणते, आपण तुझ्याच शहरात येऊ, तुझ्या खोलीच्या आसपास. मी म्हणालो, तिथे मला कोण ओळखतं? ती म्हणाली, "तेच तर." मी तिथे काय करणार, ते मला माहीत नाही. कुठल्या तरी दुकानात बसून मापं फाडेन म्हणतो, पण ओळखीशिवाय कोण बसवेल? तरी येऊ. तू फक्त जागची हलू नकोस.

बाबा


२ मे

चि. चिंधीस,

हे पत्र कुठल्या पत्त्यावर लिहू? गल्लीच्या तोंडाशी, दोरेवाल्यांच्या दुकानाच्या वरचा मजला, रस्त्याकडची खिडकी. तिकीट लागत नाही आणि टाकायची सोयही नाही. तरी लिहितो. इतक्या महिन्यांची सवय लागली आहे.

माझं पत्र पोचायच्या आत तू निघाली होतीस की पोचल्यावर, ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही.

कसं कळलं ते ऐक. परवा सकाळी मी फळ्यांवरून तागे उतरवत होतो, कोपऱ्यावरचा दुपारी मोजायला येणार होता. शिडीवर होतो. खाली बटणवाला काका येऊन उभा राहिला, पुढच्या दाराने. म्हणाला, "अरे, काळं साटीन आहे का? गिऱ्हाईक बसवून आलोय." हातात चिंधी. अगदी पूर्वीसारखं. आणि चिंधे, मला आनंद झाला. लपवत नाही, इतका आनंद झाला की मी शिडीच्या दोन पायऱ्या एकदम उतरलो, गुडघा विसरलो. माप फाडून दिलं. तो गेला तोवर लेसवाला आला, आमच्या सचिवसाहेबांना तपकिरी हवं होतं. मग कोपऱ्यावरचा स्वतः आला, मोजायला नव्हे, शेवाळी तागा खांद्यावर टाकून. म्हणाला, "हा ठेव तुझ्याकडे, लागेल तसा फाड." माझा जीव भांड्यात पडला होता, अजून काही सुचलं नव्हतं. गल्लीला माझी दया आली असं मला वाटलं. मी त्याला चहा पाजला!

तो चहा पिताना वर बघत होता. सारखा वर, दोरेवाल्यांच्या खिडकीकडे. म्हणून मीही बघितलं. तिथे दांडीवर जांभळा स्वेटर वाळत होता.

मी तसाच वर तुमच्याकडे आलो, हातात मोजपट्टी. तुझ्या सासूबाईंनी पाणी दिलं. तुझा नवरा म्हणाला, "बसा ना बाबा." तू दारात उभी होतीस आणि माझ्याकडे न बघता माझ्या चपलांकडे बघत होतीस. मी सगळ्यांसमोर म्हणालो, चल घरी. कुणी रागावलं नाही. तुझे सासरे म्हणाले, "तिला विचारा, आम्ही कोण अडवणारे?" आणि सगळे उठून आत गेले, तुला माझ्याशी मोकळं बोलता यावं म्हणून. एवढे सभ्य.

तू म्हणालीस, "घरी चलून काय करू? उद्या परत संपेल."

मी म्हणालो, "संपू दे. मी बंदच करतोय."

"आणि मग? त्या शहरात मी सगळीकडे विचारून पाहिलं, बाबा. तुमच्या वयाच्या माणसाला कोण ठेवतंय? पहिला प्रश्न हाच, कोणाच्या ओळखीने आलात. माझंही मैत्रिणीच्या शब्दावरच होतं ना. तिचं मालकिणीशी बिनसलं, त्या महिन्यात आम्ही दोघी बाहेर."

हे तू कार्डावर कधी लिहिलं नाहीस. तुझ्याही कार्डांवर सगळं छान होतं.

मी म्हणालो, "तो पुन्हा हात उचलेल."

तू म्हणालीस, "तुम्ही माझ्यासाठी बंद करणार होतात, मी तुमच्यासाठी उघडलं. फिट्टंफाट." आणि हसलीस. लहानपणी हरल्यावर हसायचीस, तसं. मग आत गेलीस, चहाचे कप उचलून.

तुझ्या आईला मी घरी येऊन सांगितलं. ती ओट्याशी उभी होती. तिने गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसली.

उद्या मी दुकान उघडणार नाही. कशाच्या जोरावर उघडू?

बाबा


१९ मे

चि. चिंधीस,

दुकान उघडलं. सांगतो का ते, तुला वरून दिसलं असेलच पण कारण दिसलं नसेल.

शटर खाली ठेवलं त्या दिवशी संध्याकाळी तुझे सासरे आले. पहिल्यांदाच ते माझ्याकडे आले, एरवी मी जायचो. बाकावर बसले. म्हणाले, "व्याही, तिने तुमच्यासाठी एवढं केलं आणि तुम्ही शटर लावून बसता. गल्ली बोलते. मुलाच्या कानावर जातं. मुलगा तापट आहे, तुम्हाला माहीत आहे. मग घरात त्रास कुणाला? तिलाच." आवाजात इतकी माया होती की परक्याने ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, हा माणूस माझ्या मुलीची बाजू मांडतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं. ते वर गेल्याचा आवाज तुझ्या खिडकीपर्यंत जातो, म्हणून जरा जोरातच करतो. तुला कळावं की आज माझ्या बाजूने काही कमी पडलेलं नाही.

धंदा इतका आहे की बसायला फुरसत नाही. बाक भरलेला असतो. शनिवारी पायरीवर सगळे जमतो, तुझ्या लग्नाआधी जमायचो तसेच, फक्त आता माझी जागा तुझ्या सासऱ्यांच्या शेजारी असते. बटणवाल्याच्या मुलीचं पक्कं झालं. ते मला सांगताना त्याने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. कोपऱ्यावरचा विनोद सांगतो, मी हसतो. कुणी वाईट नाही यांच्यातलं. मला त्यांचा राग यावा म्हणून मी फार खटपट करतो, पण संध्याकाळपर्यंत तो टिकत नाही.

आज दुपारी तुमच्याकडची मोलकरीण चिंधी घेऊन आली. निळसर राखाडी, पातळ सुती कापड. म्हणाली, "वहिनींच्या झग्यांना बाह्या जोडायच्यात, मनगटापर्यंत, त्याला आतून अस्तर पाहिजे, आरपार काही दिसायला नको." मी विचारलं, सगळ्या झग्यांना? ती म्हणाली, सगळ्या. या उकाड्यात गल्लीतले सगळे अर्ध्या बाह्यांत फिरताहेत, मी पंखा लावून घामाने निथळतो आहे. मी तिला बस म्हणालो आणि चिंधी घेऊन खिडकीपाशी गेलो. उन्हात धरली. बराच वेळ धरली.

ती शेड माझ्याकडे नव्हती. मी कोपऱ्यावरच्याकडे गेलो, त्याच्याकडे जवळची होती, त्याने स्वतःच मान हलवली, ही नको म्हणाला. फिक्यावाल्याकडे गेलो. तिथेही नाही. तो म्हणाला थांब, आणि त्याने माळ्यावरचे जुने तागे काढले, कोपऱ्यावरचा येऊन त्याला हात देऊ लागला, बटणवाला शिडी धरून उभा राहिला. चिंधी हातोहात फिरली. कुणी विचारलं नाही कोणासाठी आहे, पण सगळ्यांना माहीत होतं. शेवटी एका ताग्याच्या आतल्या घडीत सापडलं. मी दोन्ही एकावर एक ठेवलं तर चिंधी कुठे संपते आणि अस्तर कुठे सुरू होतं, ते दिसेना.

भरपूर फाडून दिलं आहे. दोन्ही हातांना पुरेल, वर थोडं उरेल. हे पत्र घडीत घालणार होतो, पण तुझ्या सासूबाई घड्या उलगडून बघतात, मोलकरणीने सांगितलं. म्हणून ते आपल्या दुकानात, शेवाळी ताग्यात गुंडाळून ठेवतो. तो तागा अजून तसाच आहे, कुणी मागितला नाही.

आणखी काही लागलं तर चिंधी पाठव. आता आपल्याकडे सगळं मिळतं.

बाबा